कोळशाची वाट

गेल्या माघांत पुतण्याच्या मुलाची मुंज चंद्रपुरास होती. घरची मंडळी अगोदरच पुढें गेलेली असल्यामुळें सेवाग्रामाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडींत आम्ही आणि आमची नात अशीं दोघेंच होतों. नातीचें वय अवघें नऊ वर्षांचें. परंतु शंका काढण्याच्या बाबतींत ती एखाद्या मुरलेल्या नैयायिकासहि हार जाणार नाहीं. हिंगणघाट मागें पडलें, आणि थोड्याच वेळांत एका लहानशा स्टेशनांत, जेथें कोणी उतरला नाहीं व कोणी चढलाहि नाहीं, आमची गाडी उभी राहिली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मुहूर्त दुसऱ्या दिवशींचा असल्यामुळें आम्हांस घाई अशी नव्हती. तथापि थांबलेल्या गाडींत बसलेल्या मनुष्यास विनाकारण घाई होते, तशी ती आम्हांसहि झाली.

इतक्यांत समोरून धडधडत मालगाडी आली. दोन इंजिनें पुढें, आणि मागें डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, सगळे कोळशानें शिगोशीग भरलेले. अशा एका गाडीस ५८-५९ डबे असतात व एकेका डब्यांत सुमारें ६० टन माल मावतो, म्हणजे सारें ओझें साडेतीन हजार टनांच्या घरांत जातें. खिडकीच्या गजांवर बारीक काळी धूळ बसली. नातीनें डबे मोजण्यास प्रारंभ केला होता, तो मध्येंच सोडून तिनें विचारलें, "आजोबा, आपल्या गाडींत माणसें आहेत आणि त्या गाडींत नुसते दगड. मग ते आधीं कां आणि आपण मागाहून कां?"

आम्हीं सहज उत्तर दिलें कीं, "बाळ, हा रस्ता त्यांचा आहे. आपण ह्या रुळांवर पाहुणे आहोंत." उत्तर देतेवेळीं तें केवळ गंमतीचें वाटलें होतें. परंतु गाडी अजून हलत नव्हती, नात पुढचें ऐकण्यास टपलेली होती, आणि आम्ही जसजसे सांगत गेलों तसतसें आमच्या ध्यानांत आलें कीं, गंमतीनें बोललेलें तें अक्षरशः खरें आहे.

आगगाडी आणि कोळसा यांचें नातें मायलेकरांचें. इंग्लंडांत २७ सप्टेंबर १८२५ रोजीं स्टॉक्टन व डार्लिंग्टन या गांवांच्या रस्त्यावर जॉर्ज स्टीफन्सनचें इंजिन धांवलें, त्या गोष्टीस नुकतींच दोनशें वर्षें पूर्ण झालीं. तो रस्ता बांधला होता खाणींतला कोळसा नदीवरील धक्क्यापर्यंत नेण्याकरितां. त्या पहिल्या दिवशीं हौशी लोक बसले तेहि बव्हंशीं कोळशाच्याच डब्यांत. आपल्याकडे हावड्याहून निघालेली रेल्वे १८५५ सालीं राणीगंजास पोंचली, ती कोळशाच्याच ओढीनें. राणीगंजच्या खाणींत रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर यांनीं त्याच्या कितीतरी अगोदर पैसा गुंतविला होता, ही गोष्ट आपल्यांतील काव्यप्रेमी मंडळींस कदाचित् ठाऊक नसेल.

मुंबईच्या बाजूची स्थिति मात्र निराळी. बोरीबंदराहून ठाण्यास १८५३ सालीं गाडी गेली, भोर घाट १८६३ मध्यें व थळ घाट १८६५ मध्यें लोखंडी रुळांनीं बांधला गेला. पण ह्या साऱ्या मुलुखाखालीं पसरलेला जो काळा कातळ, त्याच्या पोटांत कोळशाचा तुकडाहि नाहीं. रंग कोळशाचा, पण गुण नाहीं! तेव्हां इंजिनांच्या तोंडीं घालावयाचा घांस विलायतेहून जहाजांतून येई. आणि १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडेपर्यंत तो आफ्रिकेस वळसा घालून येई. बंगालचा कोळसा आपल्याच देशांतला खरा, पण तो दुसऱ्या टोंकास. घाट चढणाऱ्या इंजिनाची भूक ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हा व्यवहार किती आंतबट्ट्याचा असेल याची कल्पना येईल. अशा स्थितींत रेल्वे रडतखडत वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचली, आणि तेथून जवळच, वर्धा नदीच्या खोऱ्यांत, चांदा जिल्ह्यांत कोळसा आहे, असें सरकारच्या भूगर्भशास्त्रज्ञांनीं सांगितलें. सरकारला तो वर्षाव अमृताचा वाटला असल्यास नवल नाहीं.

वरोऱ्यास सरकारनें स्वतःच खाण काढली. १८७१ पासून तिचें काम सुरू झालें, आणि तिच्यासाठीं वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत सुमारें ४५ मैलांचा रस्ता त्याच दशकांत बांधण्यांत आला. त्या रस्त्याचें नांव होतें 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. ज्यांनीं समास सोडविण्यांत आयुष्य घालविलें त्यांस अशा नांवाचा विग्रह केल्यावांचून राहवत नाहीं. वर्धा, म्हणजे कोठून. कोल, म्हणजे कशासाठीं. स्टेट, म्हणजे कोणाची. आणि शेवटीं रेल्वे. चार पदें आहेत, पण त्यांत मनुष्यास कोठें जागा नाहीं. हिंगणघाटचा कापूस ह्या रस्त्यावर वाटेंतच पडे व त्यालाहि ह्या सोयीचा मोठा लाभ झाला. तथापि नांवांत कापसासहि स्थान मिळालें नाहीं. आज वरोऱ्याचें नांव काढलें कीं लोकांस आनंदवन आठवतें, आणि तें योग्यच आहे. पण त्या गांवास प्रथम जगाच्या नकाशावर आणलें तें ह्या काळ्या दगडानें.

येथें नातीनें एक रास्त शंका काढली. कोळसा इकडेच कां, आणि नाशिक-पुण्याकडे कां नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आमच्या मास्तरकीच्या पहिल्या पंधरा वर्षांत देतां आलें नसतें, हें कबूल केलें पाहिजे. पुढें वाचनांत आलें तें असें. सुमारें २८ कोटि वर्षांपूर्वीं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाकडील बर्फाचें खंड हीं सर्व एकमेकांस चिकटून होतीं. त्या महाखंडाच्या दलदलींतून दाट रानें माजलीं, कुजलीं, गाळाखालीं गाडलीं गेलीं आणि त्यांचा कोळसा झाला. ह्या जातीच्या खडकांस मेड्लिकट नांवाच्या शास्त्रज्ञानें १८७२ मध्यें 'गोंडवन' असें नांव दिलें. पुढें स्यूस नांवाच्या युरोपियन पंडितानें तेंच नांव त्या सबंध महाखंडास लावलें. म्हणजे चांद्याचे, गढामंडल्याचे, देवगडचे जे गोंड राजे, ज्यांचा उल्लेख आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत जेमतेम चार ओळींत संपत असे, त्यांच्या नांवानें आज साऱ्या जगांतील विद्यार्थी पृथ्वीचा अर्धा भाग ओळखतात! पुण्यामुंबईकडील कातळ हा त्या मानानें कालचा. तो ज्वालामुखीच्या रसाचा, म्हणून त्यांत झाडपाला नाहीं आणि कोळसाहि नाहीं.

त्या रानांतील एका मुख्य झाडाचें पान जिभेच्या आकाराचें असे. शास्त्रज्ञ त्यास ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. ग्रीक भाषेंत 'ग्लोसा' म्हणजे जीभ. कोळशाच्या थराबरोबर जो पाटीसारखा काळा खडक निघतो, त्याच्या पापुद्र्यांत ह्या पानांचे ठसे उमटलेले सांपडतात. मधली शीर, तिच्या दोहों बाजूंचें बारीक जाळें, सर्व कसें कालच गळून पडल्यासारखें. दक्षिण ध्रुवाहून परततांना १९१२ सालीं कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फांत मरण पावले. त्यांच्या गाडीवर ३५ पौंड वजनाचे दगड सांपडले, आणि त्यांत हेंच पान होतें. अन्न संपलें, शक्ति संपली, तरी त्या लोकांनीं ते दगड टाकून दिले नाहींत. ही हकीकत आम्हीं प्रथम वाचली त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

वरोऱ्याच्या कोळशाची कीर्ति मात्र निष्कलंक नव्हती. ह्या खोऱ्यांतील कोळशांत पाणी फार. उघड्यावर कांहीं दिवस पडला कीं त्याचा भुगा होऊं लागतो, आणि ढीग करून ठेवला तर आपला आपणच धुमसूं लागतो. बाहेरून विस्तव लावण्याची गरज नाहीं. हवा लागली म्हणजे पुरे. मत्सरी मनुष्यासारखाच स्वभाव म्हणावयाचा! वरोऱ्याची खाण १९०६ सालीं बंद झाली. पण कोळसा संपला नव्हता, फक्त गांव बदललें. बल्लारपुरास, जेथें खांडक्या बल्लाळशहाच्या किल्ल्याचे बुरूज वर्धेच्या पाण्यांत आपलें प्रतिबिंब पाहात उभे आहेत, तेथें नवी खाण निघाली व रूळ तिच्यामागोमाग भांदक, चांदा करीत तिकडे गेले. ह्या भांदकासच पुराणांतली भद्रावती मानण्याची तिकडे समजूत आहे. धर्मराजाच्या अश्वमेधाचा श्यामकर्ण घोडा तेथूनच नेला, असें तेथील वृद्ध सांगत. घोड्याच्या जागीं इंजिन आलें, आणि कानच नव्हे तर सर्वांगच श्याम झालें. पुढें ताडाळीहून घुग्घुसास फांटा फुटला, माजरीहून वणीकडे फुटला. जेथें जेथें कोळसा, तेथें तेथें रूळ.

आतां ह्या रस्त्याचें भाग्य पाहा. काझीपेठ ते बल्लारशा हा दुवा १९२९ मध्यें पूर्ण झाला, आणि खाणीच्या तोंडाशीं जाऊन थांबणारी ही वाट एकाएकीं दिल्ली-मद्रास हमरस्त्याचा भाग बनली. त्याच वर्षीं ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाली. ती आरंभीं पेशावरापासून मंगळुरापर्यंत जात असे. म्हणजे ज्या रुळांच्या नांवांत मनुष्यास जागा नव्हती, त्यांवरून पठाणापासून तुळू बोलणाऱ्यापर्यंत सारा देश जाऊं येऊं लागला. धनी मात्र बदलत गेले. वर्धा कोल रेल्वेचा कारभार जी. आय. पी. कडे गेला होताच. ती कंपनीहि १९२५ मध्यें सरकारनें आपल्याकडे घेतली, व १९५१ सालीं तिची मध्य रेल्वे झाली. खाणीहि १९७३ मध्यें राष्ट्राच्या झाल्या. पूर्वीं जमिनीखालीं बोगदे खणून कोळसा काढीत. आतां डोंगराएवढी माती उपसून उघड्या खाणी करतात, आणि चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रासारख्या बकासुरांस रोज गाड्याच्या गाड्या पुरवाव्या लागतात. तेव्हां आमच्या पॅसेंजरला पाऊण तास थांबविलें, यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. घरांत प्रथम ज्याच्यासाठीं चूल पेटली, त्याचें पान अगोदर वाढलें, इतकेंच.

येथपर्यंत आम्हीं नातीस सांगितलें तें कोणत्याहि चांगल्या पुस्तकांत सांपडेल. ह्यापुढील गोष्ट मात्र पुस्तकांत नाहीं, आणि ती आम्हीं तिला सगळी सांगितलीहि नाहीं.

आमचे वडील ह्याच वाटेवरील एका स्टेशनांत मालाच्या पावत्या करणारे कारकून होते. आम्ही त्यांस नाना म्हणत असूं. आमचें बाळपण रुळांच्या कांठच्या दोन खोल्यांत गेलें. रात्रीं मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटून जो टोंकापासून टोंकापर्यंत धडाड्-धाड् असा आवाज धांवत जाई, तो ऐकल्यावांचून आम्हां भावंडांस झोंप येत नसे. त्या वेळीं वाफेचीं इंजिनें होतीं. चार चाकांच्या लहान उघड्या डब्यांतून कोळसा जाई, आणि हिसक्याहिसक्यानें त्यांतला थोडाबहुत रुळांच्या बाजूस सांडत असे. रोज संध्याकाळीं एक खलाशी घमेलेंभर कोळसा आणून आमच्या अंगणांत ठेवी व दूर होई. आमची आजी कडक सोंवळ्याची. खाणींतून निघालेल्या दगडास विटाळ नाहीं, असा तिनें स्वतःच निर्णय दिला होता. पण आणणाऱ्या हाताविषयीं तसा निर्णय नसल्यामुळें ती घमेल्यावर पाणी शिंपडून मगच तें आंत घेई. मग लोखंडी बादलीस आंतून माती लिंपून केलेली शेगडी अंगणांत पेटवावयाची, धूर निघून जाईपर्यंत बाहेर ठेवावयाची, निखारे लाल झाले म्हणजे उचलून स्वयंपाकघरांत न्यावयाची. आमच्या आईच्या हातांवर त्या शेगडीच्या कडीचे डाग शेवटपर्यंत होते.

नाना अत्यंत सचोटीचे. त्यांच्या टेबलावर दोन दौती असत, एक सरकारी आणि एक घरची. घरचें पत्र लिहावयाचें झाल्यास सरकारी टांकहि ते बाजूस ठेवीत. व्यापारी लोक दिवाळीस मिठाईच्या पेट्या पाठवीत, त्या तशाच परत जात. ह्या गोष्टी आम्हीं पुढें वर्गावर अभिमानानें शेंकडों वेळां सांगितल्या. घमेल्याची गोष्ट मात्र कधीं सांगितली नाहीं. लपवावयाची होती म्हणून नव्हे. ती सांगण्यासारखी कांहीं आहे, असेंच कधीं वाटलें नाहीं.

मॅट्रिक झाल्यावर आम्हीं कांहीं वर्षें पाठशाळेंत काढलीं व नंतर शिक्षकी पत्करली. १९८४ सालीं आम्ही रुळांपासून हांकेच्या अंतरावर असलेल्या एका शाळेंत होतों. संस्कृत शिकविणारा दुसरा कोणी नसल्यामुळें आठवीचा तो तास आमच्याकडे असे. त्या वर्गांत एक मुलगा होता. रोज उशिरा येई, आणि येई तेव्हां त्याचीं नखें, बोटांच्या पेरांवरच्या रेघा, कानामागची जागा, सर्व काळें असे. तो पहांटे आपल्या आईबरोबर यार्डाच्या कडेनें कोळसा वेंचीत असे, हें सगळ्या गांवास माहीत होतें. आम्ही त्यास रोज हौदावर पाठवून हात धुवावयास लावूं. कोळशाची काळिमा एका धुण्यानें जात नाहीं. तो परत येई तेव्हां अर्धा तास संपलेला असे. तरी रूपें चालविण्यांत तो वर्गांत पहिला होता, ही गोष्ट लिहावयास हवी. ऐकून ऐकून त्यानें तीं पाठ केलीं होतीं, कारण पुस्तक त्याच्यापाशीं नव्हतें.

हितोपदेशांत दुर्जनाच्या संगतीस कोळशाची उपमा आहे; तापलेला असो कीं थंड, त्यास हात लावणाऱ्यास सुख नाहीं, असा त्या दृष्टान्ताचा भाव. तो श्लोक आम्ही शिकवीत असतां साऱ्या वर्गानें माना वळवून त्या मुलाकडे पाहिलें व हंसण्याची लाट उठली. आम्हीं वर्गास दटाविलें नाहीं. खरें बोलावयाचें तर दृष्टान्त इतका चपखल बसला, याचें आम्हांसहि थोडें कौतुक वाटलें.

कांहीं दिवसांनीं त्यानें दप्तरांतून पाटीसारखा एक काळा कपचा काढून आमच्या टेबलावर ठेवला. "गुरुजी, पाहा, गोट्यांत पान हाये," तो म्हणाला. आमच्या समोर रघुवंशाचें पुस्तक उघडें होतें. त्याच्या पानावर काळी भुकटी सांडली. आम्हीं पान पाहिलें नाहीं, भुकटी पाहिली. कपचा उचलून खिडकींतून बाहेर टाकला आणि त्यास बांकावर उभें केलें. तें पान कोणतें होतें, हें आम्हांस वीस वर्षांनीं एका पुस्तकांतील चित्रावरून कळलें. मरतांना दगड न टाकणाऱ्या त्या लोकांची हकीकत वाचून झोंप कां लागली नाहीं, तें आतां वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

त्याच पावसाळ्यांत शाळेच्या कुंपणामागें कोळशाचें एक पोतें आम्हांस सांपडलें. पोतें कसलें, दहा-बारा किलोंचें बोचकेंच तें. विद्येच्या मंदिराच्या आडोशास चोरीचा माल, ह्या विचारानें आमचा संताप अनावर झाला, आणि आम्हीं जाऊन यार्डाच्या पहारेकऱ्यास वर्दी दिली. संध्याकाळीं बोचकें न्यावयास मुलाची आई आली, तिच्याबरोबर दोन बायका होत्या. तिघींसहि धरून नेलें. रात्रभर त्या अडकून राहिल्या, दुसऱ्या दिवशीं दंड भरून सुटल्या. मुलगा त्या दिवसापासून शाळेंत दिसला नाहीं. चार-पांच दिवसांनीं ती बाई शाळेच्या फाटकाशीं आली. वर्दी कोणीं दिली तें तिला ठाऊक होतें कीं नव्हतें, हें तिच्या चेहऱ्यावरून कळेना. "गुरुजी, दंड भरला म्या," ती म्हणाली. "पोराचं नांव तेवढं काटू नका. येईन तो." आम्हीं उत्तर दिलें, "नियमाप्रमाणें जें व्हावयाचें तें होईल." महिना संपला, आणि नियमाप्रमाणें तें झालें.

त्यानंतर तीस वर्षें लोटलीं. कोळशाच्या खाणपट्ट्यांच्या वाटपावरून देशांत मोठा गदारोळ उठला, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें २१४ पट्ट्यांचें वाटप रद्द ठरविलें, तें पुष्कळांस आठवत असेल. आमची आई त्या वेळीं अंथरुणास खिळलेली होती. दृष्टि गेली होती, कान मात्र तिखट. आम्ही तिला वर्तमानपत्र वाचून दाखवीत असूं. ती बातमी वाचतां वाचतां आम्हांस भरतें आलें, आणि राष्ट्राच्या कोळशावर डल्ला मारणाऱ्या चोरांविषयीं आम्हीं एक लहानसें व्याख्यानच झोडलें. आई स्वस्थ ऐकत होती. व्याख्यान संपल्यावर ती म्हणाली, "अरे, तुझ्या मुंजीचें अन्न कोणत्या कोळशावर शिजलें, सांग पाहूं? तीनशें पान उठलें होतें. चार घमेलीं जास्त आणविलीं होतीं तुझ्या नानांनीं."

तिच्या बोलण्यांत टोंचणी नव्हती. तिला केवळ ती मुंज आठवली होती. ती पुढें पुरणपोळ्यांविषयीं बोलूं लागली. आम्ही मात्र वर्तमानपत्राची घडी घालून अंगणांत जाऊन बसलों. तोच रूळ, तोच सांडलेला कोळसा. आमच्या घरीं आला तेव्हां तो रीत होता. त्या बाईच्या बोचक्यांत गेला तेव्हां चोरी झाला. फरक काय तो एवढाच कीं, आमच्याकडे तो दुसऱ्याच्या हातानें येई, म्हणून आमचे हात स्वच्छ. नाना आज असते तर त्यांनीं याचें काय उत्तर दिलें असतें, हा विचार आम्हीं पुष्कळदां केला आहे. नानांस दोष द्यावयास मन घेत नाहीं, आणि द्यावयाचा नाहीं म्हटलें तर मग त्या बाईस कोणत्या तोंडानें दिला, हें कळत नाहीं. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात. आम्हीं हा पुष्कळ उगाळला.

सेवेचीं शेवटचीं वर्षें आमची पुन्हा त्याच शाळेंत गेलीं. निवृत्तीच्या आठवड्यांत दप्तर सोंपवीत असतां विद्यार्थ्यांची जुनी नोंदवही हातीं आली. पान शोधावें लागलें नाहीं. वर्ष ठाऊक होतें. शाळा सोडण्याचें कारण, ह्या रकान्यांत आमच्याच वळणदार अक्षरांत, तांबड्या शाईनें लिहिलेलें होतें: 'सतत गैरहजर'. त्या मुलाची आम्हीं गांवांत चौकशी केली. एकानें सांगितलें, तो उघड्या खाणींत डंपर चालवितो. दुसऱ्यानें सांगितलें, तें कुटुंब त्याच सालीं गांव सोडून गेलें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असणें शक्य आहे. आम्हीं दोन खाणींच्या फाटकांशीं जाऊन विचारलें. पण नुसत्या नांवावरून मनुष्य सांपडत नाहीं, आणि सांपडला असता तर पुढें काय बोलावयाचें, हें आमचें ठरलेलें नव्हतें.

असो. नातीस आम्हीं पानाच्या दगडापर्यंत सांगितलें. एका मुलानें असा दगड शाळेंत आणला होता, येथें गोष्ट थांबविली. ती लगेच म्हणाली, "मग तो दगड आतां कुठें आहे?" शाळेच्या मागल्या बाजूस असेल, असें आम्हीं सांगितलें. "तुम्ही पुन्हा शोधला नाहींत?" ह्या प्रश्नास उत्तर देण्याच्या आंतच आमच्या गाडीस हिसका बसून ती चालूं लागली, त्याबद्दल आम्हीं इंजिनाच्या चालकाचे मनांत आभार मानले.

माजरीस गाडी थोडा वेळ उभी राहिली. नात हट्ट करून फलाटावर उतरली व टोंकाशीं जाऊन खडींतून दगड उलटेपालटे करूं लागली. आम्ही तिच्यामागें उभे होतों. पानाचा दगड कांहीं मिळाला नाहीं. कोळशाचा एक लहानसा तुकडा मिळाला, तो तिनें मुठींत घट्ट धरून आणला. हात धुवावयास पाणी नव्हतें. तिनें इकडेतिकडे पाहिलें आणि दहाहि बोटें आमच्या उपरण्यास पुसलीं. तें उपरणें मुंजीकरितां नवें घेतलेलें होतें. चंद्रपुरास पोंचल्यावर आमच्या सौभाग्यवतीनें तें पाहिलें, आणि जें म्हणावयाचें तें सर्वांदेखत म्हटलें.